कमिशन कंपनीच्या नावावर घेऊ का?

नमस्कार,

मी ऑन्टॅरिओत राहते. गेली आठ वर्षं एका म्युच्युअल फंड डीलरकडे प्रतिनिधी आहे. पगार नाही, सगळं कमिशनवर. डीलरचा वाटा जाऊन गेल्या वर्षी हातात 1 लाख 40 हजार डॉलर आले, शिवाय विम्याचं कमिशन 30 हजारांच्या आसपास. ऑफिसातले दोघे सहकारी कमिशन स्वतःच्या कंपनीच्या नावावर घेतात आणि मला वेड्यात काढतात. त्यातला एक म्हणतो, नवऱ्याला निम्मे शेअर दे, डिव्हिडंड त्याच्या नावावर काढ, कर अर्धा होतो. त्यात भर म्हणजे एका मोठ्या इन्व्हेस्टमेंट डीलरकडून बोलावणं आलंय. तिथला मॅनेजर म्हणतो, "आमच्याकडे कंपनीच्या नावावर कमिशन चालत नाही, पण नियम बदलणार आहेत." नवरा आयटीत नोकरीला आहे, दोन मुलं शाळेत, घराचा हप्ता मोठा. कंपनी आत्ता काढू, नोकरी बदलल्यावर काढू, की नियम येईपर्यंत थांबू? आणि काढलीच, तर तिला आईचं नाव द्यायचं मनात आहे. चालेल ना?

– ग., ब्रॅम्प्टन

ताई,

तुमच्या पत्रात सगळे आकडे आहेत, पण मला हवा होता तोच नाही. वर्षाच्या शेवटी, कर भरून, हप्ता आणि मुलांचे खर्च भागवून, तुमच्याकडे शिल्लक किती राहते? त्याच्यावर बरंच काही ठरतं. त्याकडे येतोच. आधी नियमाचं बघू, कारण सहकाऱ्यांचं सांगणं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं जेवणाच्या सुट्टीत ऐकलेलं दिसतंय.

रोख्यांच्या, म्हणजे शेअर-बाँड-फंडांच्या, धंद्यात नोंदणी दोघांची होते. एक डीलर फर्म, दुसरा तिच्या वतीने ग्राहकासमोर बसणारा माणूस. तुमची कंपनी या दोन्हींत बसत नाही. ती नुसती मधे येऊन उभी राहते. म्हणून मूळ नियम असा की मोबदला नोंदणी झालेल्या माणसालाच द्यायचा. म्युच्युअल फंड डीलरांच्या जुन्या संस्थेने, म्हणजे एमएफडीएने, याला एक वाट ठेवली होती. नियम 2.4.1 प्रमाणे प्रतिनिधी आपलं कमिशन स्वतःच्या, नोंदणी नसलेल्या कंपनीकडे वळवू शकतो. अल्बर्टात मात्र ही सवलत नाही. तुमचे सहकारी हेच करतात, आणि कागदपत्रं नीट असतील तर त्यात काहीही बेकायदा नाही.

पण ते कागद त्यांनी कधी वाचलेत का, एकदा विचारून बघा. डीलर, प्रतिनिधी आणि कंपनी अशा तिघांमध्ये लेखी करार लागतो. त्यात साफ लिहिलेलं असतं की पैसे कुठेही गेले तरी ग्राहकाप्रती जबाबदारी प्रतिनिधीची आणि डीलरची, देखरेखही डीलरचीच. शिवाय कंपनीची जागा आणि हिशेबाची वही डीलरला आणि नियामकाला मागितली की उघडून दाखवावी लागते. कंपनी ही या व्यवस्थेत फक्त पाकीट आहे. तिच्या लेटरहेडवर तुम्ही कोणाला फंड सुचवू शकत नाही, तिच्या नावाने ग्राहक जोडू शकत नाही. उद्या एखाद्या निवृत्त माणसाने तक्रार केली की त्याला झेपणार नाही असा जोखमीचा फंड गळ्यात मारला, तर "मी नाही, कंपनीने विकला" म्हणायची सोय नाही. मर्यादित दायित्वासाठी लोक कंपन्या काढतात ते इतर धंद्यांत ठीक आहे. इथे ती ढाल ग्राहकाच्या दाव्यापुढे चालत नाही.

नियामकाचा जीव यात एवढा का अडकतो, असं वाटत असेल. तुमचा कर किती वाचतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला भीती वेगळ्याच गोष्टींची. कंपनीत शेअर घेतलेला दीर किंवा मेहुणा, ज्याची कुठेच नोंदणी नाही, तो दर महिन्याला विचारायला लागतो की या वेळी आकडा कमी का, आणि त्या दबावाखाली एखादी म्हातारी बाई गरज नसताना एका फंडातून दुसऱ्यात जाते. किंवा दंड झाला तेव्हा माणसाच्या नावावर काही नाही आणि कंपनी रिकामी. सीमेपलीकडे अमेरिकेत फिनराने, म्हणजे ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, 2015 पासून लागू केलेला 2040 क्रमांकाचा नियम याच चिंतेतून आलेला आहे. व्यवहाराशी जोडलेला मोबदला, ज्याला ब्रोकर म्हणून नोंदणी लागली असती अशा पण नोंदणी नसलेल्या कोणालाही द्यायचा नाही. तिथले प्रतिनिधीही आपल्यासारखीच कुरकुर करतात.

आता तुमच्या नव्या मॅनेजरचं. तो खोटं बोलत नाही. इन्व्हेस्टमेंट डीलरांची, म्हणजे फंडांसोबत शेअर-बाँडही विकणाऱ्यांची, संस्था आयरॉक पहिल्यापासून कडक होती. तिच्या नियमांत प्रतिनिधी नोकर असो वा एजंट, रोख्यांच्या कामाचा मोबदला त्याच्याच हातात पडायचा. 1 जानेवारी 2023 ला आयरॉक आणि एमएफडीए एकत्र झाल्या आणि जूनपासून नाव पडलं कॅनेडियन इन्व्हेस्टमेंट रेग्युलेटरी ऑर्गनायझेशन, म्हणजे सीआयआरओ. छप्पर एक झालं, पण खोल्यांचे नियम वेगळेच राहिले. एकाच फंडाच्या विक्रीवर एका खोलीतल्या माणसाला कंपनीची सोय आणि शेजारच्या खोलीतल्याला नाही, हे फार काळ टिकणारं नव्हतं.

म्हणून जानेवारी 2024 मध्ये सीआयआरओने एक टिपण काढलं आणि तीन वाटा मांडल्या. पहिली, आजचीच वळवलेल्या कमिशनची पद्धत, अटी आवळून, सगळ्यांना लागू करायची. दुसरी, कंपनीलाही सीआयआरओची मान्यता घ्यायला लावायची, म्हणजे ती नुसती पाकीट न राहता थेट संस्थेच्या अखत्यारीत येईल. तिसरी, कंपनीची प्रांतांच्या सिक्युरिटीज कमिशनकडे रीतसर नोंदणीच करायची. तिसरी कागदावर सगळ्यात स्वच्छ आहे आणि तीच सगळ्यात लांबची, कारण या देशात रोख्यांचा कायदा एक नाही. दहा प्रांत, तीन प्रदेश, प्रत्येकाचा आपला. ऑन्टॅरिओत घरं विकणाऱ्या एजंटांना 1 ऑक्टोबर 2020 पासून वैयक्तिक कंपनी काढता येते, तेव्हा आम्हालाच का नाही, असा प्रश्न आपल्या धंद्यातले लोक नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण तिथे एका प्रांताने एक कायदा बदलला. इथे तेरा ठिकाणी सूर जुळवावा लागेल.

मसुदा, हरकती, दुरुस्ती, पुन्हा मसुदा हे चक्र कसं फिरतं ते मी अनेकदा पाहिलंय. तेव्हा "नियम बदलणार आहेत" या वाक्याच्या भरवशावर नोकरी बदलू नका. ज्या दिवशी सही कराल त्या दिवशी लागू असलेला नियम तुमच्या कामाचा. तो फर्मच्या कंप्लायन्सकडून, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाकडून, ईमेलवर मागून घ्या. मॅनेजरच्या तोंडी आश्वासनाला इथे किंमत नाही. आणि त्या फर्मकडे इन्व्हेस्टमेंट डीलर आणि म्युच्युअल फंड डीलर अशा दोन्ही नोंदण्या असतील, तर तुमची नोंद नेमकी कशाखाली होणार हेही विचारा. उत्तर त्यावरच अवलंबून असतं.

आता कराकडे वळतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

नियामकाने परवानगी दिली म्हणजे कर खात्याने दिली असं होत नाही. ही दोन वेगळी दारं आहेत. सीआरएचा, म्हणजे कॅनडाच्या कर खात्याचा, पहिला प्रश्न असतो, हे उत्पन्न खरंच कंपनीचं आहे का? परवाना तुमचा, सल्ला तुमचा, जबाबदारी तुमची, आणि कायद्याने कंपनी हे काम करूच शकत नाही, मग कमाई तिची कशी? केवळ पैसे दुसऱ्या खात्यात जमा करायला सांगितल्याने उत्पन्नाचा मालक बदलत नाही, या मुद्द्यावर प्रतिनिधी कर न्यायालयात हरलेले आहेत. सीआयआरओच्या टिपणात नुसत्या वळवलेल्या कमिशनच्या पलीकडच्या वाटा शोधल्या गेल्या त्यामागे हा संशयही होता. तुमच्या सहकाऱ्यांना अजून कोणी विचारलेलं नसेल. विचारलं नाही म्हणजे मान्य केलं, असं सीआरएच्या बाबतीत समजू नये.

दुसरा प्रश्न त्याहून महाग पडू शकतो. समजा उत्पन्न कंपनीचं मानलं. पण मधली कंपनी बाजूला केली तर तुम्ही डीलरच्या नोकर दिसता का? तसं दिसलं तर तुमची कंपनी 'पर्सनल सर्व्हिसेस बिझनेस' ठरते. म्हणजे कंपनीचा कोट घातलेला नोकर. अशा कंपनीला छोट्या धंद्याची सवलत नाही, करदरातली नेहमीची कपातही नाही, वर 5 टक्के जादा. केंद्राचाच दर 33 टक्के होतो, म्हणजे माणसांच्या सर्वात वरच्या टप्प्याएवढा, आणि प्रांताचा कर वेगळा. छोट्या धंद्याचा केंद्राचा दर 9 टक्के आहे, तेवढ्यासाठी लोक कंपनी काढतात, आणि हाती 33 येतो. खर्चही फारसे वजा करता येत नाहीत, तुम्हाला दिलेला पगार आणि मोजक्या गोष्टी सोडल्या तर. यातून सुटायची सरळ वाट म्हणजे कंपनीकडे वर्षभर पाचाहून अधिक पूर्णवेळ नोकर असणं. तुमच्याकडे ते नाहीत.

नोकर की स्वतंत्र, हे कसं ठरतं? 2001 च्या सॅगाझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विचारलेला प्रश्न साधा होता: हा माणूस स्वतःच्या जिवावर धंदा करतोय का? कामावर ताबा कोणाचा, साधनं कोणाची, मदतनीस कोण ठेवतो, नफ्यातोट्याची जोखीम कोण घेतो. तुम्ही ऑफिसचं भाडं डीलरला देता का, सहायिकेचा पगार कोण देतं, ग्राहकाच्या चुकीच्या व्यवहाराचं नुकसान कोणाच्या कमिशनमधून वळतं होतं, हे आठवून लिहून काढा. आणि डीलर तुम्हाला वर्षाअखेर टी-फोर (नोकराची पगार-पावती) देतो की टी-फोर-ए (स्वतंत्र माणसाच्या कमिशनची), तेही बघा. टी-फोर मिळत असेल तर हा विषय इथेच मिटवा. पूर्ण कमिशनवर आहात म्हणजे बहुधा स्वतंत्रच असाल, पण बहुधा या शब्दावर 33 टक्क्यांची पैज लावू नये.

नवऱ्याला निम्मे शेअर देण्याची आयडिया 2018 च्या आधीची आहे. तेव्हा चालायची, राजरोस चालायची. 2018 पासून वाटलेल्या उत्पन्नावरचा कर, ज्याला इथले हिशेबनीस 'टोसी' म्हणतात, तो मोठ्या माणसांनाही लागू झाला. नवऱ्याला दिलेल्या डिव्हिडंडवर सगळ्यात वरच्या दराने कर लागतो, मग त्याचा स्वतःचा पगार काहीही असो. यातून सुटका तेव्हाच, जेव्हा तो तुमच्या धंद्यात नियमित, साधारण आठवड्याला 20 तास काम करतो, किंवा आधीच्या कोणत्याही पाच वर्षांत तसं केलेलं आहे, किंवा मिळालेली रक्कम त्याच्या कामाच्या आणि भांडवलाच्या मानाने वाजवी आहे. दहा टक्के शेअर हातात असले की सूट मिळते असं कोणी सांगेल. ती सूट सेवा विकणाऱ्या कंपनीला नाही, आणि तुमची कंपनी दुसरं काहीच विकत नाही. पूर्णवेळ आयटीची नोकरी करणारा माणूस तुमच्याकडे आठवड्याला वीस तास काम करतो, हे सीआरएला पटवायला मी तरी जाणार नाही. तुम्ही पासष्टच्या झालात की हे निर्बंध सैल होतात. तोवर बराच वेळ आहे.

मग कंपनीत उरतं काय? एकच मोठी गोष्ट: कर पुढे ढकलणं. कंपनीत पैसे ठेवले तर आज कमी कर, बाहेर काढले की उरलेला. डिव्हिडंड म्हणून काढलेल्या पैशावर दोन्ही कर मिळून जवळपास तेवढाच आकडा येतो जेवढा तुम्ही थेट घेतला असता. इथला कायदा मुद्दाम तसा बसवलेला आहे. म्हणून मी सुरुवातीला शिल्लक विचारली. ज्याच्या घरी वर्षाला पन्नास-साठ हजार डॉलर हात न लावता राहू शकतात, त्याला ही ढकलाढकल दहा-पंधरा वर्षांत खरंच काही मिळवून देते. ज्याच्या घरी हप्ता, शाळा आणि भारतवारी यांत सगळं जातं, त्याला कंपनी म्हणजे वेगळा हिशेबनीस, कंपनीच्या कराची वेगळी टी-टू विवरणं, वेगळं बँक खातं आणि दरवर्षी काही हजारांचा खर्च. तुमच्या पत्रावरून तुम्ही दुसऱ्या गटात दिसता. माझा अंदाज चुकला असेल तर आनंदच आहे.

थोडं आणखी. डिव्हिडंडवर आरआरएसपीची, म्हणजे निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्याची, जागा तयार होत नाही. ती मिळते कमावलेल्या उत्पन्नाच्या 18 टक्के, म्हणजे पगार किंवा धंद्याच्या नफ्यावर. सीपीपीचं, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेचंही, तसंच. "कंपनी काढली की सीपीपी भरावं लागत नाही" असं सहकारी कौतुकाने सांगतील. बरोबर आहे, मग म्हातारपणी मिळतही नाही. आणि कंपनीच्या खात्यातून घरखर्चासाठी उचललेले पैसे हे कर्ज धरलं जातं. ते कंपनीचं वर्ष संपल्यावर वर्षभरात परत गेलं नाही तर सबंध रकमेवर तुम्हाला कर. हप्ता मोठा असलेल्या घरात हे हमखास होतं, वाईट हेतूने नाही, गरजेने.

एक खड्डा अजून. काही वकील करार असा लिहून देतात की कंपनी तुम्हाला ऑफिसची आणि प्रचाराची मदत पुरवते आणि त्याचे पैसे घेते. फंड विकून देण्यावर सहसा एचएसटी, म्हणजे विक्रीकर, लागत नाही, पण अशा मदतीवर ऑन्टॅरिओत 13 टक्के लागू शकतो, आणि तुमचं स्वतःचं काम करमुक्त असल्याने तो परत मिळत नाही. करार कोणाच्या तरी फाइलीतून नक्कल करून घेऊ नका.

विम्याचं कमिशन वेगळं. ऑन्टॅरिओत विम्यासाठी कंपनीच्या नावावर परवाना मिळतो, प्रांताची वित्तीय नियामक संस्था एफएसआरए तो देते, आणि तिथे कंपनी खऱ्या अर्थाने एजंट असते. तुम्ही इन्व्हेस्टमेंट डीलरकडे गेलात तरी ते उत्पन्न कंपनीत घेता येईल, फक्त बाहेरचं काम म्हणून डीलरला आधी कळवावं लागेल. पण 30 हजारांसाठी एवढा पसारा? मी नाही मांडणार.

माझं मत: आत्ता कंपनी काढू नका. बोलावणं त्याच्या गुणांवर तोला. कमिशनचा वाटा किती, फळीवर कोणती प्रॉडक्ट्स, कोणते ग्राहक तुमच्यासोबत येऊ शकतील, आणि जुना डीलर त्यांना पत्र पाठवू देतो का. हा शेवटचा मुद्दा कंपनीच्या प्रश्नाहून शंभरपट मोठा आहे, आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. आज कंपनी काढून तीन महिन्यांनी तिकडे गेलात तर पाकीट रिकामं राहील आणि विवरणपत्रं मात्र भरत बसाल. इथेच राहिलात आणि पुढच्या दोन वर्षांत घरी खरोखर पैसे साठायला लागले, तर तेव्हा एखाद्या सीपीएला, म्हणजे परवानाधारक हिशेबनिसाला, ज्याने अशी प्रकरणं हाताळलीत अशालाच, तुमचा डीलरशी असलेला करार दाखवा आणि वर लिहिलेल्या दोन्ही दारांवर लेखी मत मागा. तोवर आरआरएसपी पूर्ण भरली नसेल तर ती भरा. त्याला ना करार लागतो ना परवानगी.

आईच्या नावाचं. नक्की ठेवता येईल. ऑन्टॅरिओत नावाची कंपनी काढायची तर आधी नाव शोधणीचा अहवाल घ्यावा लागतो, नुसत्या आकड्यांची कंपनी काढली तर तोही लागत नाही, म्हणून तुमच्या सहकाऱ्यांच्या कंपन्यांना बहुतेक आकडेच असतील. आईचं नाव एकटं असेल तर अडचण यायचं कारण नाही. पण त्याच्यामागे 'वेल्थ' किंवा 'इन्व्हेस्टमेंट्स' लावायचा मोह झाला तर आधी कंप्लायन्सला विचारा. नोंदणी नसलेल्या कंपनीच्या पाटीवर असे शब्द दिसले की पहिला फोन त्यांचाच येतो.